लाँग डिस्टन्स, घरची माणसं आणि गेमिंग: एकाच संध्याकाळी सगळं कसं जमवता?

तिन्हीसांज (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेम खेळणाऱ्या माणसाला घरातून एक प्रश्न हमखास येतो: "रोज किती तास खेळतेस?" माझं म्हणणं असं की या प्रश्नाने मूळ दुखण्यावर बोट पडतच नाही.

थोडी पार्श्वभूमी. मी शाळेत असल्यापासून खेळते आणि अजूनही तितक्याच आवडीने खेळते. आई-बाबा आणि धाकट्या भावाबरोबर राहते. माझा जोडीदार दुसऱ्या खंडात नोकरीला आहे. त्याची सकाळ उजाडते तेव्हा माझं ऑफिस सुटलेलं असतं. म्हणजे त्याच्याशी बोलायला, घरच्यांत बसायला आणि खेळायला मला एकच वेळ मिळते ती संध्याकाळ. तिन्ही बाजू तिच्यावर हक्क सांगतात आणि तिघांचाही हक्क खरा आहे.

या ओढाताणीत एक गोष्ट पक्की लक्षात आली. आमच्या घरी तासांवरून कधी वाद होत नाही. वाद होतो तो "ये गं जरा" अशी हाक आल्यावर मला उठता येतं की नाही, यावरून. दोन तास खेळले आणि हाक आल्याबरोबर उठले, तर कुणाच्या कपाळावर आठी येत नाही. वीस मिनिटंच खेळले, पण तीन हाकांना "थांब, आले" म्हणत राहिले, तर रात्रभर घर गप्प.

आणि उठता येणं हे बहुतेक वेळा माझ्या स्वभावापेक्षा त्या गेमवर अवलंबून असतं. 'हेडीस' (२०२०) घ्या. एक फेरी साधारण अर्ध्या तासात आटोपते आणि मधेच बंद केला तरी परत आल्यावर त्याच खोलीच्या दारापासून सुरू होतो. 'एल्डन रिंग' (२०२२) मध्ये सरळ पॉज करायचं बटणच नाही, पण मेनूमधून बाहेर पडलं की जिथे होतो तिथलं सेव्ह होतं. 'व्हॅलोरंट' या पाच-पाच जणांच्या नेमबाजीच्या गेमची कॉम्पिटिटिव्ह मॅच मात्र एकदा सुरू झाली की १३ राउंड जिंकेपर्यंत चालते. अर्धा-पाऊण तास गेलाच म्हणून समजा. मधे उठलं तर आपल्याला दंड होतो तो होतोच, शिवाय टीममधले चौघे लटकतात. बाहेरून पाहणाऱ्या आईला हे तिन्ही सारखेच दिसतात: मुलगी हेडफोन लावून स्क्रीनसमोर बसली आहे. तिला हा फरक सांगायचं काम माझं आहे. आता मी मॅच लावण्याआधी बाहेर जाऊन सांगते, "पाऊण तास मला उठता येणार नाही, काही काम असेल तर आत्ता सांग." आणि कामाची वेळ असेल तर मॅच लावतच नाही, थांबवता येण्यासारखं काहीतरी काढते. एवढ्यानं घरातलं वातावरण कितीतरी निवळलं.

आता लांबच्या प्रेमाबद्दल, कारण धागा काढण्याचं खरं कारण ते आहे. रोजच्या व्हिडिओ कॉलची एक अडचण कुणी फारशी बोलत नाही. कॉलवर सतत बोलावंच लागतं. एकत्र राहणारी माणसं शेजारी बसून तासभर काहीही बोलत नाहीत आणि त्यात काही बिघडत नाही. कॉलवर मात्र दोन मिनिटं शांतता झाली की "बोल ना" सुरू होतं. आज काय केलंस, काही विशेष नाही, तू सांग, माझंही तेच. प्रेम कमी झालेलं नसतं, विषय संपलेले असतात.

आम्ही 'स्टारड्यू व्हॅली' एकत्र खेळायला लागलो आणि हे बदललं. एकाच माणसाने बनवून २०१६ मध्ये आणलेला हा शेतीचा गेम, एकत्र खेळायची सोय त्यात २०१८ पासून आली. त्यातला एक दिवस सकाळी सहाला सुरू होतो, फार तर रात्री दोनला संपतो, आणि तेवढा दिवस खऱ्या घड्याळात १४ मिनिटांचा असतो. दोघं जण खेळत असताना मेनू उघडला तरी वेळ थांबत नाही. आणि दोघांनीही अंथरुणात शिरल्याशिवाय दिवस संपवता येत नाही. तो खाणीत उतरलेला असतो, मी पाणी घालत असते, आणि मधेच "अगं, दगड ठेवायला पेटीत जागाच उरली नाही" असं काहीतरी येतं. मग त्यावरून त्याच्या ऑफिसातलं काही निघतं, माझ्या मैत्रिणीचं काही निघतं. जे सरळ विचारल्यावर कधी बाहेर येत नाही, ते हात कामात असताना येतं. चार-पाच दिवस खेळलं की तास होतो. घरून हाक आली तर "हा दिवस संपला की उठते" एवढं सांगता येतं, आणि तो दिवस खरोखर काही मिनिटांत संपतो.

तुम्ही कसं जमवता? विशेषतः ज्यांचा जोडीदार अजिबात खेळत नाही, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

---

जुनाखेळाडू

उत्तम धागा. तासांबद्दल तुम्ही लिहिलंय त्याला एक भक्कम आधार आहे, तो देतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ही आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. घरोघरी "आता हा आजार आहे म्हणे" असं ऐकवलं जातं, पण व्याख्या नीट वाचली तर तिच्यात रोजच्या तासांचा आकडा नाही. तिथे विचारलेलं आहे ते असं: खेळणं कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं यावरचा ताबा सुटलाय का? बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडून खेळच पुढे येत चाललाय का? आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही ते चालूच आहे का? तेही घर, नाती, शिक्षण, नोकरी यांत ठळक बिघाड होण्याइतकं, आणि साधारण १२ महिने टिकून राहिलेलं.

ज्याला हाक आल्यावर उठता येतं, ठरल्या वेळी कॉलला येता येतं, त्याने शनिवारी पाच तास खेळले तरी त्याच्यावर हा शिक्का बसत नाही. उलट एखाद्याला रोज तासभरच मिळत असेल, पण तो तास सोडून बाकी दिवसभर कशातच लक्ष लागत नसेल, तर त्याच्याशी प्रेमाने बोलायची वेळ आलेली आहे. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांनी हा फरक ओळखावा असं मनापासून वाटतं.

---

न_खेळणारी

धागाकर्तीने विचारलंय म्हणून दुसरी बाजू लिहिते.

माझा होणारा नवरा खेळतो, मी नाही. आम्हीही लांब राहतो. मला त्याच्या खेळण्याचा राग नाही. मला त्रास होतो तो टिकटिकीचा. मी दिवसभरातलं काहीतरी सांगत असते आणि मागून माऊसची टिकटिक ऐकू येते. आधी हळू, मग जोरात. तो "हं, हं" म्हणत असतो, आणि टिकटिक वाढली की "हं" सुद्धा थांबतं. एकदा मी बहिणीच्या तब्येतीचं सांगत होते आणि पलीकडून अचानक "येस!" आलं. ते मला उद्देशून नव्हतं.

जवळ राहत असतो तर मी शेजारी जाऊन बसले असते, खांद्याला हात लावला असता, त्याने मान वळवली असती. लांबच्या नात्यात माझ्याकडे त्याचं फक्त लक्ष आहे. तेही अर्धंच मिळालं तर उरतं काय? 'एकत्र खेळा' हा उपाय खेळणाऱ्या दोघांसाठी ठीक आहे. मला शेती करायची नाही आणि झाँबीही मारायचे नाहीत. मग मी काय करू?

---

तिन्हीसांज

@न_खेळणारी, तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. ती वाचून मला वाईट वाटलं, आणि खेळणाऱ्या सगळ्यांनी ती वाचावी असं वाटतं.

माझ्या मते दोघांनी एकाच गोष्टीकडे बघणं वेगळं आणि एकाने तुमच्याकडे तर दुसऱ्याने तिसरीकडे बघणं वेगळं. मी लिहिलं ते पहिल्याबद्दल, तुम्ही लिहिलंत ते दुसऱ्याबद्दल. कॉल चालू असताना एकट्याचा गेम चालू ठेवायचा नाही, हे खेळणाऱ्याने न सांगता पाळायला हवं. तुम्ही मागावं लागणं हेच चूक आहे. त्याला सरळ सांगा, "मला वीस मिनिटं दे, पण पूर्ण दे." अर्ध्या लक्षाच्या दोन तासांपेक्षा ती वीस मिनिटं मोलाची.

आणि खेळायचं नसेल तरी सोबत बसता येतं असे गेम आहेत. 'लाईफ इज स्ट्रेंज' (२०१५) किंवा 'डेट्रॉइट: बिकम ह्युमन' (२०१८) हे गोष्टीचे गेम आहेत, त्यात ठरावीक वळणांवर निर्णय घ्यावे लागतात आणि गोष्ट त्याप्रमाणे बदलते. त्याने स्क्रीन शेअर करायची, बटणं त्याने दाबायची आणि निर्णय तुम्ही घ्यायचे. खरं बोलायचं की लपवायचं, याला वाचवायचं की तिला, यावर तुमचं दोघांचं पटेलच असं नाही. त्या न पटण्यातून माणूस फार कळतो. माझ्या मैत्रिणीने कधी कंट्रोलर हातात घेतलेला नाही, पण ती नवऱ्याबरोबर असे गेम पूर्ण करते आणि शेवटाबद्दल त्याच्यापेक्षा जास्त भांडते.

---

न_खेळणारी

हे करून बघण्यासारखं आहे. निर्णय माझे असतील तर मी बसेन. 'पूर्ण वीस मिनिटं' हे शब्द मात्र आज जसेच्या तसे त्याच्यापुढे ठेवणार आहे.

---

रात्रपाळी

मी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळतो. २००४ पासून चालू असलेला गेम आहे, आणि आमच्यासारख्यांची अडचण या धाग्यात यायलाच हवी.

मिथिक रेड, म्हणजे मोठ्या शत्रूंशी मिळून लढायची सगळ्यात अवघड मोहीम, बरोबर २० जणांची असते. एकोणीस चालत नाहीत. आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री ठरल्या वेळेला वीस माणसं हजर राहतात, त्यातला मी एक हीलर, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारा. मी आयत्या वेळी उठलो तर उरलेल्या १९ जणांची रात्र वाया. हे माझ्या बायकोला अनेक वर्षं 'गेम' वाटायचं. मी तिला म्हटलं, एकदा शेजारी बसून बघ. तिने हेडफोनचा एक कान घेतला आणि ऐकलं: कुणाचं बाळ झोपवून झालंय, कुणाची नाइट शिफ्ट आहे म्हणून तो अकराला जाणार, कुणाचे वडील हॉस्पिटलात आहेत म्हणून आज त्याच्या जागी दुसरा आलाय. तेव्हा तिला दिसलं की तिथे माणसं आहेत. त्यानंतर ती "आज रेड आहे ना?" असं स्वतः विचारते आणि त्या रात्री काही ठरवत नाही.

पण हे दोन्ही बाजूंनी चाललं पाहिजे. घरच्या कॅलेंडरवर रेडच्या दोन रात्री लिहिल्या आहेत, तशाच ज्या रात्री मी संगणक उघडणारसुद्धा नाही त्याही लिहिल्या आहेत. आणि गिल्डमध्ये, म्हणजे आमच्या खेळाडूंच्या गटात, मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की घरात आजारपण असलं तर मी न विचारता उठेन. ज्यांना ते मान्य नव्हतं त्या गिल्डमध्ये मी गेलो नाही. समजूतदार गिल्ड निवडणं हा संसार सांभाळण्याचाच भाग आहे असं मी मानतो.

---

पिंगवाला

लांब राहून एकत्र खेळणाऱ्यांसाठी थोडं तांत्रिक लिहितो, कारण यावरून विनाकारण भांडणं होताना पाहिली आहेत. "तू नीट खेळत नाहीस" असं एक जण म्हणतो आणि दोष असतो अंतराचा.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. दोघांत १०,००० किलोमीटर असतील तर सिग्नल एका बाजूने जायलाच ५० मिलिसेकंद लागतात, जाऊन-येऊन १००. ही झाली आदर्श परिस्थिती. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, मधे ठिकठिकाणी राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात पिंग, म्हणजे हा जाऊन-येऊन लागणारा वेळ, याहून बरंच जास्त येतं. महागडं कनेक्शन घेतलं तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही. म्हणून दोन खंडांतल्या दोघांनी झटपट नेमबाजीचे गेम एकत्र खेळायचं ठरवलं, तर सर्व्हर ज्याच्या जवळ तो सुखी आणि दुसरा कायम अर्धी पापणी मागे. चिडचिड होणारच.

त्यापेक्षा जिथे डोकं चालतं, प्रतिक्षिप्त वेग नाही, असं काही घ्या. 'पोर्टल २' (२०११) मधला दोन रोबोंचा भाग खास दोघांसाठी आहे आणि त्यात बहुतेक वेळ विचारात जातो. नेट फारच रडकं असेल तर 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स' (२०१५). यात बॉम्ब एकालाच दिसतो, निकामी कसा करायचा त्याचं २३ पानी पुस्तक फक्त दुसऱ्याकडे असतं, आणि घड्याळ उलटं चालू असतं. पुस्तक फुकट मिळतं, छापूनही घेता येतं. गेम एकाच संगणकावर चालतो, दुसऱ्याला साधा फोन पुरतो. गेमचं नेटवर्क मधे येतच नाही, लागतो तो फक्त आवाज. आमच्याकडे पुस्तक धरायला वडील बसतात. आयुष्यात कंट्रोलर धरलेला नाही, पण "वायर किती आहेत ते आधी सांग, रंग मग" असं दरडावतात आणि अचूक असतात. घरातला माणूस, लांबचा माणूस आणि गेम एकाच खोलीत आणणारं यापेक्षा सोपं मला तरी काही सापडलेलं नाही.

---

दोन_मुलांची_आई

वाचते आहे आणि माझं वेगळंच आहे.

नवरा परदेशात. थोरला मुलगा आणि तो 'माइनक्राफ्ट' एकत्र खेळतात. त्यांनी रिअल्म घेतलाय, म्हणजे कुणी आत नसलं तरी ते जग चालू असतं आणि ज्याला जमेल तो जाऊन येतो. मुलगा शाळेतून आला की आधी धावत बघायला जातो, बाबांनी रात्री काय करून ठेवलंय. कधी घराला जिना केलेला असतो, कधी पेटीत काही ठेवून वर पाटीवर दोन ओळी लिहिलेल्या असतात. मुलगाही त्यांच्यासाठी काहीतरी ठेवतो. कॉलवर हा मुलगा बापाशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. तिथे तो भरभरून बोलतो. म्हणून मी ते बंद करायचा विचारही करत नाही.

पण मला जे सलतं ते सांगते. सगळी मजा बाबांकडे आणि "आता बंद कर, झोप" माझ्याकडे. बाबा म्हणजे किल्ला बांधणारे आणि आई म्हणजे प्लग काढणारी. लांब असणारा पालक गेममधून जवळ येतो ते चांगलंच आहे, पण घरात असणाऱ्या पालकाच्या वाट्याला नुसती शिस्त येते. कुणाला असा अनुभव आहे का?

---

तिन्हीसांज

@दोन_मुलांची_आई, हा मुद्दा मी कुठेही वाचला नव्हता. मला पालकत्वाचा अनुभव नाही, पण खेळणारी म्हणून एक सुचतं. झोपेची वेळ बाबांनीच गेमच्या आतून सांगायला हवी. "मी ही भिंत पूर्ण करतो, तू दार लाव, आणि मग दोघंही बाहेर पडू," असं म्हणून त्यांनी आधी निघायचं. सोबतचा खेळाडू गेल्यावर थांबणं मुलाला सोपं जातं. आणि तुम्ही त्या जगात आठवड्यातून एकदा नुसती फेरी मारायला जा. मुलाला बांधलेलं दाखवायला फार आवडतं, तुम्हाला काहीही खोदावं लागणार नाही.

---

दोन_मुलांची_आई

नवऱ्याशी बोलले. त्याला हे सुचलंच नव्हतं, पण लगेच पटलं. सध्या बाबाच निरोप घेतात आणि मुलगा कुरकुर न करता उठतो. फेरीसाठी मलाही बोलावणं आलं. माझ्या नावाची एक खोली बांधलेली आहे, हे मला माहीतच नव्हतं.

---

दर्यावर्दी

बोटीवर असतो. आमच्याकडचं नेट सगळ्यांत वाटून घ्यावं लागतं, कधी दिवसचे दिवस नसतंच. त्यामुळे वर लिहिलेलं बहुतेक आमच्या उपयोगाचं नाही. तरी मी आणि माझी मुलगी खेळतो.

'लिचेस' या बुद्धिबळाच्या साइटवर पत्राने खेळल्यासारखं बुद्धिबळ खेळता येतं, एका चालीला १४ दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. संपूर्ण मोफत आहे आणि जाहिराती नाहीत. ती एक चाल करते, मला नेट मिळेल तेव्हा मी माझी करतो. घरी तिने खरा पट मांडून ठेवलाय आणि माझी चाल आली की त्यावर सोंगटी हलवते. त्या पटाला घरात कुणी हात लावत नाही, पुसायचं झालं तरी एकेक घर जपून पुसतात. मी केबिनमध्ये छोटा चुंबकी पट ठेवलाय. वॉच (बोटीवरची पहाऱ्याची पाळी) संपल्यावर तिच्या चालीवर विचार करत बसतो. ती कुठे घाईत खेळली ते कळतं, त्यावरून परीक्षा जवळ आली असावी हेही कळतं.

हा गेमिंगमध्ये मोडतो का ते ठाऊक नाही, पण तिचं माझं नातं यावर उभं आहे म्हणून लिहिलं.

---

जुनाखेळाडू

दर्यावर्दी, अगदी मोडतो. 'सिव्हिलायझेशन ६' मध्येही अशी सोय आहे, आपली पाळी खेळून बंद करायचं, दुसऱ्याला सूचना जाते. लांबच्या नात्यांसाठी सवडीने खेळायचे हे प्रकार मला सगळ्यांत जास्त भावतात. कुणाला कुणाच्या वेळेत स्वतःला कोंबावं लागत नाही.

---

नवीन_सभासद

छान माहिती. एक व्यवहाराचा प्रश्न. तिच्याकडे प्लेस्टेशन, माझ्याकडे साधा पीसी. 'इट टेक्स टू'बद्दल खूप ऐकलंय. दोघांनी वेगवेगळा विकत घ्यावा लागतो का?

---

तिन्हीसांज

@नवीन_सभासद, 'इट टेक्स टू' (२०२१) दोघांशिवाय खेळताच येत नाही. गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेल्या नवरा-बायकोची आणि त्यांच्या मुलीची आहे, त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. एकाने घेतला की पुरतं, दुसऱ्याला 'फ्रेंड्स पास' मोफत मिळतो. पण तुमची अडचण अशी की तो प्लेस्टेशन आणि पीसी यांच्यात एकत्र चालत नाही. त्याच मंडळींचा 'स्प्लिट फिक्शन' (२०२५) चालतो. तिथेही एकच प्रत लागते आणि यंत्रं वेगळी असली तरी हरकत नाही. तुम्ही तोच घ्या.

आणखी एक, बऱ्याच जणांची गफलत होते म्हणून. पीसी गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमच्या 'स्टीम फॅमिलीज'मध्ये सहा जणांना एकमेकांचे गेम वापरता येतात, पण ती सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे. लांबच्या जोडीदारासाठी ती धरून चालू नका. भावासाठी मी तीच वापरते. पण एकाच स्क्रीनवर दोघांनी खेळायचा गेम तुमच्याकडे असेल तर स्टीमचं 'रिमोट प्ले टुगेदर' आहे, त्यात समोरच्याकडे तो गेम असावा लागत नाही. फक्त तुमच्या स्क्रीनचं चित्र तिकडे जातं, म्हणून तिकडच्या माणसाला सगळं किंचित उशिरा दिसतं. पिंगवाला यांनी लिहिलेलं इथे लक्षात ठेवायचं.

आणि ज्यांचा माणूस युरोप-अमेरिकेत आहे त्यांनी घड्याळबदलाच्या तारखा लिहून ठेवा. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, अमेरिकेत मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला. त्या दिवशी ठरलेली वेळ एका तासाने सरकते, एक जण वाट बघत बसतो आणि दुसरा अजून झोपेत असतो.

---

नवीन_सभासद

मनापासून आभार. शेवटचं विचारतो. 'स्टारड्यू' तिच्याकडे प्लेस्टेशनवर आहे, पण तिला लॅपटॉप मिळतोय, म्हणजे दोघंही पीसीवर येऊ. शेत कुणाच्या संगणकावर सुरू करावं? मला संध्याकाळी भरपूर वेळ असतो, तिला जेमतेम.

---

तिन्हीसांज

मग तिच्या संगणकावर करा. शेत होस्टकडे, म्हणजे ज्याच्या संगणकावर सुरू केलं त्याच्याकडे, सेव्ह होतं. होस्ट नसेल तर दुसऱ्याला आत जाता येत नाही, पण होस्ट मात्र एकटा खेळत पुढे जाऊ शकतो. तुमच्याकडे ठेवलंत तर ती नसताना "एकच दिवस" म्हणत तुम्ही अख्खा ऋतू उरकाल आणि ती आल्यावर तिला स्वतःचं शेत ओळखू येणार नाही. तिच्याकडे असलं तर ती येईल तेव्हाच दिवस उजाडेल. मधल्या वेळात तुम्हाला हात शिवशिवले तर स्वतःचं वेगळं शेत सुरू करा, कितीही खेळा.

नवीन शेत काढताना सुरुवातीच्या केबिनचा (दुसऱ्या खेळाडूच्या घराचा) आकडा एक ठेवायला तिला सांगा. केबिन नसेल तर तुम्हाला राहायला जागा नाही आणि गेम आत घेत नाही. राहिलं तर गावातल्या सुतारणीकडून नंतर बांधून घेता येतं, पण पहिल्याच दिवशी दोघांनी सोबत सुरुवात करायची असेल तर आधीच बघा. पुढे लग्नाचा विचार असेल तर खेळाडूंना एकमेकांशी तिथे लग्नही करता येतं. अंगठीची कृती फिरत्या गाडीवर मिळते, पण तिला पाच इरिडियमच्या विटा आणि एक प्रिझमॅटिक शार्ड (एक दुर्मिळ रत्न) लागतो. तो शार्ड लवकर हाती लागत नाही, त्यामुळे पहिला मिळाला की दुसरीकडे खर्च करू नका.